भेदऱ्यांनी रंगवलेलं सूप

मित्रांनो, चुलीमागच्या खुंटीकडे जरा बघा. काठ उसवलेलं, पोटावर लाल डाग पडलेलं ते जुनं सूप म्हणजे मी. हसू नका, एके काळी माझा काय रुबाब होता!

तिरोड्याच्या बाजारात बुरुडाने मला हिरव्या बांबूच्या पट्ट्यांनी विणलं. धनवंताबाईंनी दहा सुपं वाजवून पाहिली आणि मला उचललं. घरी आल्यावर वाटलेल्या मेथ्यांनी माझ्या फटी बुजवल्या. मग रोजचे तांदूळ माझ्यातच पाखडले जायचे. "माह्या सुपात कोंडा टिकत नाही," असं त्या अख्ख्या आळीला सांगायच्या. मी किती फुगायचं म्हणून सांगू!

पुढे सून आली, गोमती. तिचे वडील गोंदियाला रेल्वेत होते. त्यांच्या घरामागच्या बाडीत टमाटर, म्हणजे आमच्याकडचे भेदरे, भरभरून लागायचे. लग्नानंतर वर्षभरात वडील गेले. गोमतीने त्यांच्या बाडीतलं बी पदराला बांधून आणलं आणि इथे आमच्या विहिरीपाशी पेरलं. फाल्गुनात झाडं लालेलाल झाली. पावसाळ्यात डाळीत घालायला म्हणून तिने फोडी केल्या, मीठ लावलं आणि माझ्यात पसरून मला उन्हात ठेवलं.

धनवंताबाईंनी पाहिलं मात्र, त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे काय वं वाळू घातलं? मांसासारखं दिसून राहिलं."

"मायजी, भेदरे आहेत. माह्या बाबूच्या बाडीतल्या बियाचे."

"गोऱ्या साहेबाचं खाणं माह्या चुलीवर नाही चढणार. अन सूप बी बाटवलं तुनं. ने ते गोठ्याकडं."

गोमतीने मला उचलून गोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर ठेवलं. तांदूळ पाखडणारं मी, आता बैलांच्या डोक्यावर! फार वाईट वाटलं. पण ती रोज येऊन एकेक फोड उलटायची आणि बोटं हुंगायची. तिच्यापाशी वडिलांचं तेवढंच उरलं होतं. त्या फोडी भिजल्या असत्या, तर एका दिवसात सडल्या असत्या.

आणि नेमकं तेच व्हायची वेळ आली. सगळे खळ्यावर लाखोळी डाळीचं पीक झाकायला धावले होते, गोमतीसुद्धा. आभाळ काळं झालं, गारांचा वारा सुटला. घरी फक्त धनवंताबाई होत्या, आपला सुजलेला गुडघा धरून. त्यांनी अंगणातली मोहफुलं आत ओढली. मग त्यांची नजर वर गेली, माझ्याकडे.

आता, आमच्या गावची एक रीत आहे. वाळवण भिजताना दिसलं की बोलणं बंद असलेल्या घरचंही उचलायचं. धनवंताबाई क्षणभर थांबल्या. मग लंगडत आल्या, गव्हाणीवर चढल्या आणि मला खाली ओढून पदराखाली घेतलं. पहिली गार त्यांच्या पाठीवर पडली, माझ्यात एकही नाही.

कुंपणापलीकडून शामकलाबाईंनी पाहिलंच. "काऊन वं धनवंताबाई, साहेबीण झाली का? पदर लाल दिसून राहिला."

"चूप वं. वाळवण होतं."

गोमती चिखलातून धावत आली, तेव्हा मी चुलीपाशी होतं. ती दारातच थांबली.

"मायजी, तुम्ही हात लावला?"

"लागला. आता हात कापू का?" त्यांनी एक फोड उचलून पाहिली. "अजून दोन उन्हं द्या लागते. अन हे सूप आतच राहू दे."

त्या पावसाळ्यात भाजी मिळेना, चिंचही संपली. गोमतीने लाखोळीच्या डाळीत मूठभर फोडी टाकल्या, वर लसणाची फोडणी दिली. धनवंताबाईंनी भात कालवला, खाल्ला आणि ताट पुढे केलं.

"थोडी अजून वाढ."

एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षी रोपं त्यांनीच लावली.

आता त्या नाहीत. यंदा इंग्रज गेला, गावात तिरंगा चढला, त्या दिवशीही आमच्या घरी तीच डाळ शिजली. गोमतीची लेक म्हणते, जुनं सूप चुलीत घाल. गोमती मात्र दर वर्षी माझ्या फटी नव्याने बुजवते, फाल्गुन यायच्या आधी.

मित्रांनो, जुन्या सुपाला मेथीचा एक हात तेवढा द्या, आम्ही पुष्कळ वर्षं टिकतो. आणि आभाळ भरून आलं की कोणाचंही वाळवण असो, आधी उचला. भांडायला अख्खा पावसाळा पडलेला असतो.