तीन प्रती जास्तीच्या

आष्ट्याच्या चांदसाहेबांनी चाळीस वर्षांत पुस्तकं बांधली हजारो, वाचली बेताचीच. हलवाई कुठं सगळे पेढे खात बसतो, असं ते म्हणत. बांधलेल्यांत निम्मे गौरवग्रंथ. पुढाऱ्याची साठी आली की ग्रंथ आलाच: बारा मान्यवर, बारा लेख, आणि बाराही लेखांत साहेब अनवाणी शाळेत जात. एकदा तर एकच लेख दोन नावांनी छापून आला. चांदसाहेबांनी त्यातला एक गुपचूप काढून टाकला. कुणाच्या ध्यानात आलं नाही, साहेबांच्याही नाही. तेव्हापासून जास्तीचं काढायला त्यांचा हात धीट झाला होता.

त्या धीट हातात राहीबाईंचं पुस्तक आलं.

राहीबाई म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेतल्या निवृत्त नर्स, वय एकोणऐंशी. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चमध्ये उभं राहून येशूच्या मरणाची हकिकत वाचायचा मान तेवीस वर्षं त्यांचा. पण ठळक अक्षरांचं ते शुभवर्तमानाचं जाडजूड पुस्तक आता त्यांच्या आखडलेल्या बोटांना पेलेना. मागल्या वर्षी वाचता वाचता हातातून पडलं. यंदा दुसरं कुणीतरी वाचेल, असं त्यांना फार गोडीत सुचवण्यात आलं होतं.

"चांदभाई, हलकं करून द्या," त्या म्हणाल्या होत्या. "माझं पुस्तक माझ्या हातात राहिलं तर मी वाचणार. न्हाईतर संपलं म्हणा."

चांदसाहेबांनी शिवण उसवली, पानांचे जुडगे सुटे केले आणि सवयीनं चाळले. येशूनं वाटल्या पाच भाकरी, दोन मासे, आणि पाच हजार माणसं जेवली. ठीक. पुढच्या जुडग्यात पुन्हा पाच भाकरी, दोन मासे. पुन्हा. आणि पुन्हा. हजरत ईसांना, म्हणजे राहीबाईंच्या येशूला, इंजील हा ग्रंथ मिळाला तो एक, हे त्यांना लहानपणापासून पाठ. एक म्हणजे एक.

"छापखान्यानं एकच पुस्तक चारदा घातलंय," ते बायकोला, सलिमाला म्हणाले.

"आवं, पण नावं निराळी दिसत्यात की. मत्तय, मार्क, लूक, योहान."

"नावं गौरवग्रंथातबी निराळीच असत्यात."

चौघांतला सगळ्यात बारीक, म्हणजे मार्क, त्यांनी ठेवला. तिघांना बाजूला सारलं आणि फोन लावला. "राहीबाई, काम झालं. तीन प्रती जास्तीच्या निघाल्या, काढल्या."

राहीबाईंनी लगेच विचारलं.

"रद्दीत घातल्या?"

"न्हाई अजून."

"मग आधी वाचा. वाचून जी जास्तीची वाटंल ती काढा. मी काय बोलणार न्हाई."

चांदसाहेब भिंग घेऊन बसले. दोन पानं वाचावीत आणि बाईंचं समाधान करावं, असा बेत होता. तीन दिवस दुकानातली चिकटवायची खळ तशीच वाळून गेली.

गोष्ट एकाच येशूची, पण सांगणारे चौघं निघाले. मत्तय त्याच्या पणज्या-खापरपणज्यांपासून सुरू करतो आणि पावलोपावली सांगतो, हे जुन्या वचनात होतंच. मार्कला बोलताना दम घ्यायला सवड नाही. लूक मेंढक्यांना, विधवांना, गावानं ओवाळून टाकलेल्यांना हाताला धरून पुढं आणतो. योहान थेट आभाळ-जमिनीच्या आधी जाऊन बसतो. आणि शेवटी स्वच्छ कबूल करतो की सगळं काही लिहिलेलं नाही, जे लिहिलं ते वाचणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून.

हा येशू उंच की ठेंगणा, चौघांपैकी एकानंही लिहिलं नव्हतं. दोघांनी तर त्याचा जन्मच गाळला होता. शाळेत अनवाणी जात होता की कसं, काही पत्ता नाही. चांदसाहेबांनी फूटपट्टी घेतली. त्यांना पुस्तक कळायचं ते जाडीनं. बत्तीस-तेहतीस वर्षांचं आयुष्य, आणि मार्कची तिसरा हिस्सा पानं एकट्या शेवटच्या आठवड्याची. योहानची जवळजवळ निम्मी. चौघंही आधी धावत येतात, आणि त्या आठवड्यापाशी पोचले की पावलं जड होतात, जसं तिरडीमागं चालताना होतं.

त्या मरणाबद्दल मौलवीसाहेबांनी त्यांना वेगळं शिकवलं होतं: ईसा क्रुसावर मेलेच नाहीत, अल्लानं त्यांना वर उचलून घेतलं. ते मनात जिथं होतं तिथंच त्यांनी राहू दिलं. पट्टी बाजूला ठेवून त्यांनी चौघांची शेवटची पानं शेजारी शेजारी मांडली.

चौघं जुळत नव्हते. मरणाऱ्याचे शेवटचे शब्द दोघांत एक, तिसऱ्यात दुसरे, चौथ्यात तिसरेच. पहाटे कबरीकडं गेलेल्या बायका कुणी तीन सांगतो, कुणी दोन, कुणी एकीचंच नाव घेतो. बायकाच पहिल्या गेल्या, हे मात्र कुणी सोडलं नव्हतं.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की फार पूर्वी, कुठल्यातरी गावात, कुणीतरी माणूस असाच चार ढीग पुढ्यात घेऊन बसला असणार. त्यालाही ही तफावत दिसलीच असणार. एक साफ प्रत करावी आणि लोकांची तोंडं बंद करावीत, किती सोपं होतं. त्यानं कात्री उचलली नाही. चौघांना एकमेकांशेजारी भांडत-नांदत राहू दिलं, आणि ते दोन हजार वर्षं चालत आष्ट्याला पोचले.

चांदसाहेबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. उगीचच.

"काय झालं?" सलिमानं विचारलं.

"काय न्हाई. आपल्या धंद्यातला एक लय मोठा माणूस दिसला."

मंगळवारी ते एसटीनं विश्रामबागेत गेले. पिशवीतून चार पातळ पुस्तकं निघाली, चारी एकाच काळ्या कापडाची, प्रत्येक वहीएवढं.

"कुठलं काढलं?" राहीबाईंनी विचारलं.

"मला न्हाई जमलं. सगळी बांधली. एका वेळी एक धरा."

राहीबाईंनी लूक उचललं. खुर्चीच्या हाताला रेटा देऊन उभ्या राहिल्या. "शुक्रवारी उभंच राहायचंय," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या. दोन पानांनंतर पुस्तक जरा खाली कललं. चांदसाहेब आधार द्यायला पुढं झाले. राहीबाईंनी मानेनंच नको म्हटलं, आणि पान उलटलं. येशूच्या मरणघटकेला भर दुपारी अंधार पडला, देवळातला पडदा मधोमध फाटला, तिथवर पुस्तक हातातच होतं. चांदसाहेब बसायचं विसरून ऐकत उभे होते.