तारेखालची फट

घासता घासता फळी झाली लोणी,
नणंदेच्या बोटी यावी पुन्हा गाणी.

हात चालू असला की सुतारीणबाईचं तोंडही असं चालू असायचं. ही काही कुणी शिकवलेली ओवी नव्हे. पॉलिशपेपर पुढे गेला की अर्धी ओळ, मागे आला की उरलेली अर्धी.

सुतारीणबाई हे नाव तिला गल्लीनं दिलं होतं, आणि ते काही सुताराची बायको म्हणून नव्हे. नवरा बिचारा भिंतीत खिळा ठोकायला गेला तर आधी स्वतःचा अंगठा ठोकून घ्यायचा. रंधा, करवत, पटाशी हे सगळं हिच्या हातातलं. तिनं केलेल्या कपाटाचं दार बंद करावं आणि फटीत पोस्टकार्ड सरकवून दाखवावं, अशी पैज ती गिऱ्हाइकांशी लावायची. कार्ड अजून कुणाचं सरकलं नव्हतं. "फट राहिली म्हणजे सुताराचं नाक कापलं," असं ती म्हणे.

पण या खेपेला कपाट नव्हतं, टेबल नव्हतं. या खेपेला गिटार होती, विजेवर वाजणारी, आणि ती नणंदेसाठी होती.

नणंदेची जुनी गिटार दोन वर्षांपूर्वी स्टेजमागून चोरीला गेली. त्या दिवसापासून तिच्या बोटांना कुलूपच लागलं. लोकांनी उसन्या गिटारी आणून दिल्या. एकदोन सूर छेडायची, हसायची आणि परत करायची. "परक्याच्या तोंडानं बोलल्यासारखं वाटतं गं," एवढंच म्हणायची. आता तिच्या जुन्या बँडला गावातल्या मोठ्या सभागृहात वाजवायला बोलावलं होतं. बँडच्या ढोलवाल्यानं, ज्याला सगळे गडगड्या म्हणत, तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती. नणंदेनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "वहिनीची गिटार बोलली तर येईन. नाही बोलली तर माझी जागा दुसऱ्याला दे, आणि मला पुन्हा विचारू नकोस."

तेव्हा सुतारीणबाईनं एका मोडीत निघालेल्या बाकाची फळी निवडली, कापली, कोरली, दांडा जोडला. सांध्यात केस जाईल तर शपथ! अंग झालं. आता राहिला गळा.

विजेच्या गिटारीचा गळा म्हणजे पिकअप. तारांखाली बसणारी बोटभर रुंदीची पट्टी, आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी. वर तार थरथरली की ही तिचं थरथरणं स्पीकरपर्यंत पोचवते. लाकूड कितीही गोड असो, पिकअप चुकला तर गोष्ट संपली.

वाद्यांच्या दुकानात नवराही बरोबर आला. तो आकडेमोडीच्या नोकरीतला. आदल्या दिवशी त्यानं सगळं वाचून काढलं होतं. दुकानदारानं काचेवर पिकअपचे दोन जोड ठेवले. एक नवा, दणदणीत, जबर चुंबकाचा. दुसरा जुन्या ढंगाचा, फिकट पिवळट झाकणाचा, मवाळ चुंबकाचा आणि कमी वेटोळ्यांचा.

"यात विचार कसला करायचा?" नवरा म्हणाला. "पहिल्याची ताकद दुप्पट आहे. इथं लिहिलंय."

"अहो, आपण पाण्याचा पंप नाही घेत आहोत."

दुकानदार गालात हसला. त्याच्याकडे एक अदलाबदलीची गिटार होती, हवा तो पिकअप बसवून ऐकता येई अशी. त्यानं दोन्ही वाजवून दाखवले. सुतारीणबाईनं एका कानाला फोन लावला होता. फोनमध्ये नणंदेच्या चोरीला गेलेल्या गिटारीचं रेकॉर्डिंग होतं, कुठल्याशा जुन्या कार्यक्रमातलं. पहिला जोड वाजला, तेव्हा काच हादरली. भारदस्त होता, पण सगळ्या तारा एकदम बोलत होत्या, भांडणातल्या जावांसारख्या. दुसरा वाजला आणि तिनं डोळे मिटले. हलक्या बोटाला हळू उत्तर, जोराच्या बोटाला जोरात. शेवटी एक बारीकसा किणकिणाट, भांड्यावर चमचा टेकावा तसा. फोनमधल्या आवाजात नेमका तोच होता.

"हाच," ती म्हणाली.

"पुन्हा विचार कर," नवरा म्हणाला.

"वन्सं मोठ्यानं बोलत नाहीत. त्यांची गिटार कशाला ओरडेल?"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं पिकअप बसवले. सोल्डरचे डाग दिले, स्क्रू आवळले. या पट्ट्या स्प्रिंगवर बसतात. स्क्रू फिरवला की वर येतात, उलटा फिरवला की खाली जातात. सुतारीणबाईनं त्या वर आणल्या, आणखी वर आणल्या, इतक्या की तार आणि पट्टी यांच्यामधून कागदही मुश्किलीनं जावा. मग मान तिरकी करून पाहिलं. वा! फट म्हणून दिसत नव्हती.

नणंद आली. वहिनीच्या कारखान्यातल्या स्टुलावर बसली. गिटार मांडीवर घेतली तेव्हा तिचा हात लाकडावरून असा फिरला, जसा झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरावा. मग तिनं जाड तार छेडली आणि बोट दांड्यावर वर वर नेलं.

सूर वाकडा गेला. एक लावावा तर दोन ऐकू येत, आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. नणंदेनं तार पुन्हा जुळवली, पुन्हा वाजवली. तीच कुरकुर. तिनं गिटार हळूच टेबलावर ठेवली.

"छान झालीये, वहिनी. दिसायला इतकी..." तिनं पिशवीतून फोन काढला. "गडगड्याला फोन करते मी. बिचारा वाट बघत असेल."

"थांबा वन्सं. अजून संध्याकाळ व्हायचीय."

तेवढ्यात नवऱ्यानं ऑफिसच्या पिशवीतून एक खोकं काढलं. जबर चुंबकाचा जोड! पठ्ठ्यानं गुपचूप जाऊन आणला होता.

"दादा!" नणंद म्हणाली.

"म्हटलं, असू द्यावा हाताशी," तो छतातल्या पंख्याकडे पाहत म्हणाला. "मी काही बोलत नाही. फक्त लावून बघा."

सुतारीणबाईचा चेहरा पडला. पण नणंदेच्या गाण्यापुढे आपलं नाक मोठं नव्हे. तिनं तारा उतरवल्या, जोड बदलला, आणि हाही तसाच गच्च वर आणला. नणंदेनं वाजवलं. आता तर सूर चक्क रडायला लागला.

"हे तर आणखी वाईट," नवऱ्यानं प्रांजळपणे सांगितलं.

आणखी वाईट का? त्या एका प्रश्नानं सुतारीणबाई जागची हलेना. ताकद वाढली तशी खोड वाढली. तिनं स्क्रू सैल करायला स्क्रूड्रायव्हर जवळ नेला, तर त्याचं टोक चटकन पट्टीला जाऊन चिकटलं, गुळाला मुंगळा लागावा तसं. तिनं ते ओढून सोडवलं, पुन्हा जवळ नेलं. पुन्हा चिकटलं. मग तिची नजर वर गेली, तारेवर.

तारही लोखंडाचीच की!

"अगं बाई," ती म्हणाली. "मी हिचा गळाच धरून ठेवलाय."

"कुणाचा?" नवरा दचकून मागे सरकला.

"तुमचा नव्हे हो. तारेचा. खालून चुंबक तिला ओढतंय, हलूच देत नाहीये. म्हणून ती वाकडं बोलतेय." तिनं शेजारच्या अर्धवट टेबलाचा खण धरून ओढला. तो सुळकन बाहेर आला. "हा बघा. दार मी गच्च बसवते. पण खणाच्या दोन्ही अंगांना रंधा मारून जागा ठेवतेच ना? नाही तर तो उघडेल कसा? पिकअपला मी दार समजून बसले. हे खणाचं काम आहे!"

तिनं जबर जोड काढून नवऱ्याच्या हातात दिला आणि जुन्या ढंगाचा पुन्हा बसवला. मग स्क्रू उलटा फिरवायला घेतला. पट्टी खाली जाऊ लागली. तारेखाली फट दिसू लागली, उघड, ठसठशीत. जिचं सगळं आयुष्य फटी बुजवण्यात गेलं, ती आपल्या हातानं फट वाढवत होती, आणि दर वळशाला तिचं मन चुटपुटत होतं. नणंद एकेक वळशाला एकेक सूर लावत होती.

"आणखी थोडं."

"एवढं?"

"किंचित... तिथंच!"

आगपेटीची काडी आडवी बसेल एवढी जागा राहिली होती. नणंदेनं जाड तार छेडली. एकच सूर, सरळ, भरलेला, शेवटी तो बारीक किणकिणाट घेऊन. तिनं दुसरी छेडली, तिसरी, मग बोटं पळतच सुटली. दोन वर्षं गोठ्यात कोंडलेलं वासरू दावं सुटताच रानात उधळावं, तशी. नवऱ्यानं ताडून बघायला फोनमधलं रेकॉर्डिंग लावलं, तर ती न थांबता ओरडली, "दादा, बंद कर ते! मध्ये येतंय."

वाजवता वाजवता तिचे डोळे वाहत होते आणि ओठ हसत होते. सुतारीणबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि भुसा गेल्याचं खोटं सांगितलं.

"आता गडगड्याला फोन करा वन्सं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सभागृह ओसंडत होतं. दिवे मंदावले, गडगड्यानं ढोलावर थाप दिली आणि नणंद पुढे आली. सुरुवातीला गिटार इतकी हळू बोलली की लोक पुढे झुकले. मग तिनं तारांवर हात टाकला! तो आवाज छताला भिडला, खांबांना वळसा घालून आला, शेवटच्या रांगेतल्या सुतारीणबाईच्या तळपायांतून वर चढला. गाणं संपलं तेव्हा टाळ्यांचा असा पाऊस पडला की गडगड्यालाही त्याच्यावर ताल धरता येईना. अख्खं सभागृह उभं राहिलं.

लोक पुन्हा खाली बसले तशी नणंद माईकपाशी आली. धापा टाकत म्हणाली, "ही गिटार माझ्या वहिनीनं केलीये. ती तिथं मागं बसलीये. वहिनी, उभी राहा ना गं!"

सगळ्या माना वळल्या. सुतारीणबाई आपल्या खरखरीत हातांचं काय करावं ते न कळून उभी राहिली.

शेजारचा माणूस नवऱ्याला म्हणाला, "काय आवाज आहे हो! पिकअप भारी असणार."

"जुन्या ढंगाचे," नवरा छाती काढून म्हणाला. "ताकदीवर जायचं नसतं. मी पहिल्यापासून सांगत होतो."

बायकोनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"म्हणजे, दुसऱ्या जोडापासून," तो पुटपुटला.

स्टेजवर पुढचं गाणं सुरू झालं होतं. सुतारीणबाई खाली बसलीच नाही. उभ्या उभ्याच तिच्या ओठांवर दोन ओळी आल्या, आणि गाण्याच्या गजरात कुणाला ऐकू जाणार नाहीत म्हणून तिनं त्या मोकळ्या गळ्यानं म्हटल्या:

तारेच्या गं खाली, ठेविली मी जागा,
नणंदबाई माझी, गाते आता बघा.