सुकरीबाईच्या नावाची मूठ

रविवारी सकाळी दीपालीच्या घरी एकच धावपळ. चामोर्शीच्या बसस्टँडजवळचं तिचं झेरॉक्सचं दुकान आठवडाभर तिला दम खाऊ देत नाही, आणि उपासनेची घंटा काही कोणासाठी थांबत नाही! वेणी घालता घालताच तिने तांदळाच्या पोत्यात डबा बुडवला, काठोकाठ भरला आणि झाकण लावलं.

दारात बसलेल्या सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, ते पाहिलंच.

"काय वं दीपाली, अशी मूठ असते का? रोज काढाची असते न? नाव घेऊन?"

"आई, तांदूळ तर तितकेच भरले न!"

आता ही मूठ कसली, ते सांगायला हवं. इथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांची ही जुनी रीत. भाताचे तांदूळ धुण्याआधी रोज एक मूठ बाजूला काढायची आणि काढताना एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायची. दर महिन्याला पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, दोन-दोन घरांची जोडी लावून देतात. तू माझं नाव घ्यायचं, मी तुझं. भरलेले डबे रविवारी वेदीसमोर ठेवतात आणि ते तांदूळ गरजूंकडे जातात. या महिन्यात दीपालीची जोडी होती गावाबाहेर नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठी एकट्या राहणाऱ्या सुकरीबाईंशी. तांदूळ दीपालीने कधी चुकवले नाहीत. नाव मात्र एकदाही घेतलं नाही!

उपासना संपल्यावर पाळकीणबाई रीताताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "दीपाली, सुकरीबाई मागच्याही रविवारी दिसल्या नाई. बऱ्या हायेत न?"

"हाव, बऱ्या हायेत. रोज प्रार्थना करून राह्यली न मी त्यायच्यासाठी!"

खोटं बोलायला वेळ लागत नाही हो. ते पोटात ठेवायला लागतो. रीताताई म्हणाल्या, "मंग चाल, आजचा डबा त्यायच्याच घरी देऊ." दीपालीचा चेहरा उतरला. पण नाही तरी कसं म्हणणार?

भाताच्या रोवणीचे दिवस. नहराकडची सगळी घरं धानाच्या बांधीवर गेलेली. सुकरीबाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत त्या खाटेवर पडलेल्या, अंगात ताप. चिखलात पायाच्या अंगठ्यात खुंट घुसला होता आणि तो पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. चूल थंड होती.

"बाप्पा! सुकरीबाई, कोणाले बलावलं काऊन नाई?" रीताताई ओरडल्याच.

"कोणाले बलावू? सारे अंधारातच रोवणीले जातेत." मग त्यांची नजर दीपालीकडे गेली. "आली का माय? तो उशाजवळचा डबा घे. उठवत नोहोतं, म्हून भात नाई शिजवला. पण तुह्या नावाची मूठ काढली. तुह्या पोरीची, दिव्यानीची, परीक्षा हाय न?"

दीपालीने हातातला डबा खाली ठेवला.

"सुकरीबाई, मी तुमचं नावच घेतलं नाई. एकदाही नाई! नुसता डबा भरला."



"असं का?" सुकरीबाई हळूच म्हणाल्या. "मले वाटे, दीपाली रोज माहं नाव घेत असन, तिच्या ध्यानात येईन. म्हून धीर धरून पडली होती."

दीपालीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं!

दोघींनी त्यांना दवाखान्यात नेलं. पाय वाचला, अंगठा गेला. चार दिवस आधी आणलं असतं तर तोही राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. दीपालीने ते मान खाली घालून ऐकलं.

बाहेर बाकावर ती रडत म्हणाली, "ताई, देव तर सारं पाहत होता. मी नाव नाई घेतलं, तर त्याले का माहीत नोहोतं?"

"त्याले माहीत होतं वं! तुले माहीत नोहोतं. आपण नाव घेतो ते देवाले आठवण द्याले नाई. ते माणूस आपल्या मनात राहावं म्हून घेतो. तू रोज नाव घेतलं असतं, तर एखाद्या सकाळी मनात आलंच असतं, सुकरीबाई दिसल्या नाई वं! मंग तुहे पाय आपोआप तिकडे वळले असते."

पुढच्या रविवारी दीपाली मंडळीसमोर उभी राहिली आणि आपलं खोटं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सुकरीबाईंना तिने घरी आणलं. आता ती रोज मूठ काढते, नाव घेते, आणि कधी कधी तांदूळ तसेच ठेवून चप्पल घालून, ज्याचं नाव घेतलं त्याच्या घरी निघते. पण सुकरीबाई लंगडत अंगणात आल्या की तिची मान अजून खालीच जाते.

वाचकहो, "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" असं आपणही किती सहज म्हणतो! मोबाइलवर जोडलेले दोन हात पाठवतो आणि आपल्या कामाला लागतो. दुसऱ्यासाठी प्रार्थना करणं म्हणजे त्याचा भार थोडा आपल्या अंगावर घेणं आहे. म्हणून करतो म्हणालात, तर खरंच करा. तुमच्या त्या एका शब्दावर कोणीतरी धीर धरून पडलेलं असतं.