भेगेत सोडलेलं पाणी

काळी माती उन्हाळ्यात फाटते. हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. पाणी मिळालं की ती मिटते आणि कुठं फाटली होती ते तिलाही सांगता येत नाही.

वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर रसवंतीवाल्यानं मशीनवर जुनं बॅनर पांघरलं होतं. बॅनरवरच्या पुढाऱ्याचा एकच डोळा दिसत होता.

नववीच्या फळ्यावर एक तिरकी रेघ, तिच्यावर दुसरी. वरच्या रेघेपाशी लिहिलेलं : माती. खालच्या रेघेपाशी : खडक.

बेबीनंदाबाईंच्या घरामागची सीताफळी यंदा घराकडं झुकली. त्या म्हणाल्या, बरं झालं, फळं हाताशी आली.

ओली गोधडी पत्र्यावरून घसरते. कोरडी जिथं टाकली तिथं राहते.

तर फळ्यावरच्या रेघा सुमेधाच्या. ती वडीगोद्रीला शाळेत भूगोल शिकवायची आणि तिथंच खोली करून राहायची. माहेर हसनाबादच्या पलीकडं, टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत. म्हणजे मध्ये अख्खा जिल्हा. वस्तीत तिचे वडील अप्पाराव, आई बेबीनंदाबाई, शेजारी चुलतभाऊ मिथुनचं घर आणि त्याला लागून त्याची कपाशी. टेकडीवर मातीचा पातळ थर, त्याखाली सलग काळा खडक. उतारावर आडवे चर खणलेले, पाणी अडावं आणि जिरावं म्हणून. चर चांगले होते. विहिरींना पाणी आलं होतं. पाणी जास्त जिरलं अशी तक्रार ह्या जिल्ह्यात कोणी कधी केलेली नव्हती. तशी तक्रार असू शकते हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं.

सप्टेंबर होता. पाऊस लागून राहिला होता. मधल्या सुट्टीत सुमेधानं डबा उघडला आणि घरी फोन लावला.

"काय करून राह्यले बाबा?"

"बसून राह्यलो. तुझी शाळा वाहून गेली का न्हाई?"

"न्हाई गेली."

"अरेरे. पोरायचं नशीबच फुटकं."

मागून आईचा आवाज आला, "अवो, तिला त्या भेगीचं सांगा की."

"कसली भेग?" सुमेधानं विचारलं.

"काही न्हाई गं. टेकडीवर पडली, वरच्या चराच्या खाली. इळ्यासारखी वाकडी हाये. पाय जाईल एवढी. म्या काल बंदोबस्त केला तिचा."

"काय केलं?"

"चराचं तोंड फोडलं आन् पानी सोडलं तिच्यात. काळीची भेग पान्यानं बुजती, हिचं काय येगळं असतंय?"

सुमेधानं डब्याचं झाकण लावलं.

काळीची भेग उन्हाळ्यात पडते, पावसात मिटते. ही पावसात पडली होती. टेकडीवरची माती पाणी पिऊन जड झाली होती; ते पाणी खाली खडकापर्यंत जाऊन अडलं होतं, आणि माती खडकावरची पकड सोडत होती. ती भेग म्हणजे सुटलेल्या मातीचं वरचं टोक. बाबांनी नेमकं तिथून आणखी पाणी आत घातलं होतं. जन्मभर कपाशीच्या रानात जे बरोबर ठरलं तेच.

कॉलेजात असताना सर त्यांना कोकणात असे घसरलेले उतार दाखवायला घेऊन गेले होते. सर म्हणाले होते, कुठं सुटेल ते सांगता येतं, कधी ते नाही. म्हणून सुमेधानं जे सांगायचं ते सगळं एकदमच सांगितलं. वर्गात सांगते तशा स्वच्छ आवाजात.

"बाबा, ऐका. सगळ्यांना घेऊन विहारात जा. आत्ता. आणि ते पाणी बंद करा."

"जल्दी?"

"जल्दी."

"बराबर. घरात मास्तरीण ठेवली म्हनल्यावर ऐकावं लागतं बाई," असं म्हणून अप्पारावांनी फोन ठेवला.

अप्पाराव ऐकणारा माणूस. त्यांनी मिथुनच्या बायकोला, प्रीतीला, पोरांसकट उठवलं. म्हातारी सगुणाबाई हलेना. म्हणाली, "मला काय टेकडी खाती का? माझ्यात हाडंच हाडं." तिला त्यांनी पाठुंगळी घेतलं. मिथुन सकाळपासून भोकरदनला गेला होता. बाकी सगळी वस्ती रस्त्याकडेच्या बुद्धविहारात आली, ओल्या चपला बाहेर काढून सतरंजीवर बसली.

मग अप्पारावांनी फावडं उचललं.

"अवो, कुठं निघाले?" बेबीनंदाबाई म्हणाल्या.

"पोरीनं दोन कामं सांगितली. एक झालं."

टेकडीचा फार आवाज झाला नाही. अंगावरचं पांघरूण कोणी पायाकडून ओढावं तशी माती खाली आली. सीताफळी उभीच्या उभी आली आणि अप्पारावांच्या ओसरीत येऊन थांबली. वर उरला धुतल्यासारखा स्वच्छ खडक. त्यावरून पाणी आता सरळ वाहत होतं.

सुमेधा शाळेतून तशीच घरी निघाली होती; तिला जालन्याच्या बसस्टँडवर कळालं. भोकरदनची गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली, डबा उघडला, उरलेली पोळी भाजी पुरवून पुरवून खाल्ली. शेजारच्या बाईनं लोणचं दिलं, तेही खाल्लं.

विहारात एक साहेब आले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांनी विचारलं, "आधी काही लक्षणं होती का?"

"झाड झुकलं होतं," सुमेधा म्हणाली. "भेग पडली होती."

"म्हणजे आधी सांगता येतं की मॅडम."

"जागा सांगता येते."

"तिनं सांगितलं म्हनूनच आम्ही हितं बसलोत," बेबीनंदाबाई मध्येच म्हणाल्या. नंतर जो येईल त्याला त्या तेच सांगत राहिल्या. "माझ्या लेकीनं वस्ती वाचवली." सगुणाबाई मान हलवायची. प्रीतीनं सुमेधाचे पाय धरले. सुमेधानं पाय मागं घेतले नाहीत. तिला ते आपले वाटत नव्हते.

ती आपलंच वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती.

बाबा, ऐका. सगळ्यांना घेऊन विहारात जा. आत्ता. आणि ते

बाबा, ऐका. सगळ्यांना घेऊन विहारात जा. आत्ता.

एवढंच. इथं थांबायचं.

जेसीबी आला, माती उपसू लागला. फावडं आधी सापडलं. मग अप्पाराव. सुमेधानं त्यांच्या कानातली माती पदराच्या टोकानं काढली. एका कानातली निघाली, दुसऱ्यातली निघेना. ती घासत राहिली. शेवटी आई म्हणाली, "राहू दे आता."

मिथुननं त्या दिवशी सकाळीच, भोकरदनला निघण्याआधी, चराचं फोडलेलं तोंड मातीनं बंद केलं होतं. भेगेत न मावलेलं पाणी त्याच्या कपाशीत उतरत होतं, म्हणून.