हातावर पडणारा थेंब

माझी पुतणी, धाकट्या भावाची मुलगी, शाळेत विज्ञानाची बाई म्हणून लागली, त्या वर्षीची ही गोष्ट. बाजारामागच्या रिकाम्या गोदामात शीतलबाबा उतरला होता आणि रांग रस्त्यापर्यंत आली होती. प्रत्येकाच्या हातात घरून आणलेला काचेचा पेला. बाबा त्यात आपलं पाणी ओतायचा आणि डोळे मिटायचा. थोड्या वेळानं पेला रिकामा केला की स्वच्छ काच धुरकट झालेली असायची.

"बाळा, तुझ्या देहातलं मळभ काचेत उतरलं," बाबा म्हणायचा. "आणि पाणी कसं गार. आग नाही, चरका नाही."

मागे निळं प्लास्टिकचं पिंप होतं. त्यावर लाल चौकटीत एक हात, हातावर पडणारा थेंब, वर जाणाऱ्या रेषा. शेजारचं चित्र आणि अक्षरं खरवडलेली. "ही आमच्या गुरूंची खूण. थेंब पडतो, पीडा वाफ होऊन निघते." लोक त्या चित्रावर डोकं टेकत. मीही टेकलं.

आम्ही दोघे भाऊ निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात होतो. निकेलनं खाज सुटून धाकट्याचे हात कोपरापर्यंत फुटले होते. हात बरे झाले नाहीत तर येऊ नकोस, असं मालकानं सुनावलं होतं.

"दादा, आधी तू बघ," तो म्हणाला.

कारखान्यात नवं पिंप आलं की मीच पारखायचो. मला वाचता येत नव्हतं. पिंपाबरोबर कागद यायचे, ते बाकावर अंथरून आम्ही जेवायचो. माझी रीत एकच: मनगटावर थेंब घ्यायचा आणि शंभरपर्यंत मोजायचं. चुरचुरलं तर ॲसिड, नाहीतर पाणी. तीस वर्षं सगळे माझ्या मनगटावर भरवसा ठेवून होते. बाबाच्या पाण्याचा थेंब घेतला, शंभर झाले. काही नाही.

"घाल हात," मी म्हणालो.

बाबानं त्याच पाण्यानं भरून दिलेल्या टपात त्यानं पाव तास दोन्ही हात बुडवून ठेवले. "खाज थांबली रे दादा," म्हणून हसलासुद्धा.

दुसऱ्या सकाळी तो हात छातीशी धरून कळवळत होता. कातडी पांढरी पडली होती. माझं मनगट हाडापर्यंत ठणकत होतं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हात कशात घातले? त्याचा कागद आणा."

"कसला कागद?"

"प्रत्येक रसायनाबरोबर येतो तो. अंगाला लागलं तर काय करायचं, ते त्यात असतं."

पुतणीला घेऊन मी गोदाम गाठलं. बाबा शांतपणे म्हणाला, "श्रद्धा कच्ची असली की पीडा उलटते, बाळा."

पुतणी पिंपाजवळ गेली. "ही गुरूंची खूण? आमच्या शाळेत ॲसिडच्या कपाटावर हीच आहे. हात जळतोय त्यात." तिनं खरवडलेल्या जागी बोट ठेवलं. तिथे कवटीचा जबडा शिल्लक होता. "आणि हे कोण, आजेगुरू?"

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

तळाशी नोंदणीचा आकडा राहून गेला होता. तिनं रसायनांच्या नोंदणी कार्यालयात फोन केला. पलीकडचा कारकून कागद वाचत गेला आणि ती मोठ्यानं सांगत गेली. काचेवर नक्षी कोरायचं ॲसिड. ते काच खातं, म्हणून काच धुरकट होते. पातळ केलं की लगेच झोंबत नाही. ते कातडीतून आत शिरतं, हाडातलं, रक्तातलं कॅल्शियम खातं, आणि दुखणं कित्येक तासांनी सुरू होतं. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं तर हृदयही बंद पडतं. लागताक्षणी भरपूर पाण्यानं धुवायचं, कॅल्शियमचं मलम चोळायचं, दवाखाना गाठायचा. लागताक्षणी.

"गार आहे ना?" ती बाबाला म्हणाली. "मग हातमोजे काढा आणि घाला हात."

कातडीच्या रंगाचे ते हातमोजे तेव्हा कुठे आम्हाला दिसले. बाबानं ते काढले नाहीत. तो मागच्या दारानं सटकत असताना लोकांनी त्याला धरून पोलिसांच्या हवाली केलं.

तो तर भामटाच. पण "घाल हात" मी म्हणालो होतो. जो कागद वाचायचा, त्यावर मी भाजी सांडत होतो. पंचावन्नाव्या वर्षी पुतणीपुढे पाटी घेऊन बसलो, ते यासाठी. माझ्यासारख्यांना सांगतो: चुरचुरलं नाही, हा पुरावा नव्हे. पिंपावर काय आहे ते विचारा, नोंदणीचा आकडा विचारा, कागद मागा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. जो कागद दाखवत नाही, त्याच्या पाण्यात बोटही घालू नका.

माझा धाकटा भाऊ तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, हृदय बंद पडून वारला. तो शेहेचाळीस वर्षांचा होता.