मुदतीआधीची फेड

"सही करा वहिनी, मला अजून चार घरं करायची आहेत," दीर म्हणाला आणि त्याने विक्रीचा फॉर्म आणि पेन तिच्या पुढ्यात आपटलं.

वहिनी तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती. नवरा गेल्यावर हाती आलेले पैसे तिने याच दिराच्या सांगण्यावरून पाणी मंडळाच्या रोख्यांत घातले होते. मुदत पंधरा वर्षांची, व्याज साडेनऊ टक्के. दीर रोख्यांची दलाली करायचा. भावाच्या आजारपणात फिरकला नाही, रोखे विकायला मात्र महिन्याच्या आत हजर झाला होता.

आता सहा वर्षांनी मंडळाचं पत्र आलं होतं. नवे रोखे काढून जुने फेडणार, एवढंच तिला त्यातलं कळलं.

"कर्ज फेडायला कर्ज काढतायत," दीर म्हणाला. "मंडळ बुडालं! शंभराच्या रोख्याला मी नव्वद देतो, घरचं माणूस म्हणून. पुढच्या महिन्यात कुत्रंही विचारणार नाही."

"मग बुडालेला कागद तुम्ही कशाला घेताय?"

"तुमच्यासाठी झळ सोसतोय."

हा माणूस फायद्याशिवाय कुणाला नमस्कारही घालत नाही, हे ती लग्न झाल्यापासून बघत आली होती.

"उद्या बघू, भाऊजी."

"उद्या पंच्याऐंशी देईन."

"ऐंशी द्या. पण उद्या."

सकाळी ती मंडळाच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकून बाईने वर न बघताच सांगितलं, "पत्रात सगळं लिहिलंय. वाचता येतं ना?"

"वाचता येतं. तुम्ही लिहिलेलं कळत नाही. आणि कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मागची रांग कुरकुरायला लागली. कारकून बाईने दात-ओठ खात पत्र ओढून घेतलं.

"तुम्हाला साडेनऊ टक्के द्यावे लागतात. आज बाजारात मंडळाला सहाने पैसे मिळतात. म्हणून सहाचे नवे रोखे काढले. त्या पैशांतून तुमचे फेडायचे."

"मग द्या आजच."

"आज कसे? आठ वर्षं झाल्याशिवाय तुमचे फेडता येत नाहीत, तसा करार आहे. ज्यांची आठ झाली, त्यांना पुढच्या महिन्यात रोख मिळतील. तुमची दोन बाकी आहेत, म्हणून तेवढे पैसे बँकेत वेगळ्या खात्यात अडकवून ठेवलेत. मंडळालाही त्याला हात लावता येत नाही. दोन वर्षं व्याज त्यातूनच, साडेनऊनेच. मग मुद्दल पूर्ण."

"म्हणजे बुडत नाही?"

"बुडतंय कसलं! यापेक्षा पक्का कागद आमच्याकडे नाही. व्याज जास्त, म्हणून बाजारात शंभराला एकशे सहा मिळतायत. चला, पुढचे या!"

वहिनी तिथून थेट दिराच्या ऑफिसात गेली. समोरच्या खुर्चीत एक म्हातारे पेन्शनर त्याच मंडळाचा तसाच फॉर्म भरत बसले होते.

"काका, तुम्हाला किती सांगितले? नव्वद?"

म्हाताऱ्यांनी मान हलवली.

"बाजारात एकशे सहा आहेत. आत्ता विचारून आले."

दिराचा चेहरा खर्रकन उतरला. "वहिनी, घरचं भांडण घरात!"

"घरात धंदा कुणी आणला? माझ्या शंभरावर सोळा खायला निघाला होतात. भावाच्या पैशावर!"

"चालत्या व्हा इथून!"

"जाते. माझ्या रोख्यांची फाईल द्या."

त्याने फाईल टेबलावरून भिरकावली. कागद जमिनीवर पसरले. ती एकेक वेचत राहिली. म्हातारे पेन्शनरही, गुडघे धरत, खाली वाकून मदत करू लागले, आणि त्यांनी स्वतःचा फॉर्म फाडून खिशात कोंबला.

संध्याकाळी जावेचा फोन आला. "आमच्या पोटावर पाय दिलात तुम्ही." वहिनीने फोन ठेवला.

दोन वर्षांनी मुद्दल पैन् पै परत मिळालं. पण आता कुठेच सहाच्या वर कुणी देईना. व्याज तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटलं. तिने दोन घरी बाळंतिणींची कामं धरली आणि मुदतीआधी फेडलं म्हणून पाणी मंडळाला तोंडभरून शिव्या दिल्या. पुढे नात्यातल्या एका लग्नात दीर समोर आला. त्याने तोंड फिरवलं. तिने तर आधीच फिरवलं होतं.