लाल दोऱ्याची रेघ

नाण्यांची पिशवी शिवणं म्हणजे काय, ते पिठाच्या पिशव्या शिवणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. पीठ बिचारं घालाल तिथे गुमान बसतं. नाणी बसत नाहीत. ती कोपरे शोधतात, शिवणीत तोंड खुपसतात, आणि एक टाका जरी सैल सापडला तरी भर रस्त्यात तुमची अब्रू काढतात. मी बावीस वर्षं फेरीबोटीच्या कंपनीसाठी या पिशव्या शिवते आहे. जाड कॅनव्हास, तळाला आतून दुसरा थर, मेण लावलेला दोरा. कोपऱ्यांना मशीन चालत नाही, तिथे दाभणच लागतो. तोंडाला दोरी ओवायला पितळी कड्या. आणि तोंडाच्या थोडं खाली, आतून-बाहेरून दिसेल अशी, गोल फिरवलेली लाल दोऱ्याची रेघ.

त्या रेघेचं काम असं. पलीकडे जाणारा माणूस धक्क्यावरच्या पेटीत एक नाणं टाकतो, मग लोखंडी दार फिरतं आणि तो बोटीकडे पळतो. दिवसभरात पेट्या भरतात. ती नाणी मोजत बसायला कुणाला वेळ नाही, म्हणून कारकून डब्याने पिशवीत ओततो, लाल रेघेला लागली की थांबतो, तोंड बांधून मोहोर लावतो आणि वहीत लिहितो, एक पिशवी, चार हजार. बँकेच्या यंत्रात मोजली तर पाच-दहा इकडे नाहीतर पाच-दहा तिकडे. त्यावरून कुणी कधी हूं की चूं केलं नाही. मला त्याचा गर्व होता, उगाच नाही कशाला म्हणू.

या पिशव्या बँकेत न्यायचं काम माझ्या दादाचं. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याने लग्न केलं नाही आणि माझा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत परगावी गेला तो गेलाच, त्याच्याबद्दल एवढंच पुरे. आम्ही दोघं बहीणभाऊ एका छताखाली राहतो. मी तापट आहे म्हणून दादा मला ठिणगी म्हणतो. तो स्वतः थंड पाण्यासारखा. रोज चार पिशव्या हातगाडीवर घालून चढाच्या पायथ्याशी न्यायच्या आणि तिथून बँकेच्या चौतीस पायऱ्या एकेक पिशवी खांद्यावर घेऊन चढायच्या. एका पिशवीचं वजन चोवीस किलो. बँकेतला शिपाई म्हणायचा, तुमचा दादा पिशवी अशी आणतो, जशी काही आत उशीच आहे.

कंपनीच्या सगळ्या बारा पिशव्या दर सोमवारी तपासायला, दुरुस्तीला माझ्याकडे येतात. कुठली पिशवी कुठे झिजली, हे पाहिलं की ती कशी वापरली ते मला कळतं. दादाच्या पिशव्या वर्षानुवर्षं एका बाजूने काळवंडायच्या, खांद्याच्या घामाने. गेल्या पावसाळ्यानंतर ती बाजू कोरीच राहू लागली आणि तळाचे कोपरे मात्र सुटायला लागले. आधी मला वाटलं, कॅनव्हासच हलका आलाय, दुकानदाराला चार शब्द ऐकवूनही आले. मग तळ हातात घेऊन नीट पाहिला. दगडावर घासल्याशिवाय कापडाला असा भुसा सुटत नाही.

रात्री जेवताना विचारलं, "दादा, पाठ दुखते का रे?"

"पाठ असली की दुखणारच," तो म्हणाला आणि मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी दाभण आणायला जाते म्हणून निघाले आणि बँकेसमोरच्या औषधाच्या दुकानात जाऊन उभी राहिले. दादा आला. त्याने पिशवी गाडीवरून उतरवली आणि खांद्यावर घेतलीच नाही. दोन्ही हातांनी तोंडाशी धरून तो उलटा चालत एकेक पायरी ओढत वर नेऊ लागला. दर तीन पायऱ्यांनी एक हात कमरेवर. वरून कुणी उतरताना दिसलं की तो वाकून बुटाची नाडी बांधायचा. त्या चौतीस पायऱ्यांवर माझ्या भावाने पाच वेळा नाडी बांधली. दुकानदाराने मला काय हवंय म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याच्याकडून खोकल्याची बाटली विकत घेतली. घरात कुणाला खोकला नव्हता.

कंपनीच्या कानावर हे गेलं असतं तर दादाचं काम गेलं असतं. आणि काम गेल्यावर दादाचं काय होतं, ते मी एकदा पाहिलं आहे. फार पूर्वी तो लाकडाच्या वखारीत होता. वखार बंद पडली आणि हा सात महिने खिडकीपाशी बसला. दाढी वाढली. काही विचारलं तर "हं" म्हणायचा, आणि पुढे पुढे तेही म्हणेना. मी वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर तसाच बसायचा. त्या सात महिन्यांची भीती माझ्या मनातून कधीच गेली नाही. पगाराशिवाय आम्ही निभावलं असतं, मी काही कमी शिवत नाही. पण त्या खुर्चीतला दादा मला पुन्हा नको होता.

मग मी एक शहाणपणा केला. त्या सोमवारी पिशव्या आल्या, तेव्हा मी लाल दोरा उसवला आणि रेघ अर्धं बोट खाली घातली. अर्धं बोट कुणाच्या लक्षात येणार? महिन्याभराने आणखी अर्धं. बाराही पिशव्यांवर, एकसारखी. सहा महिन्यांत रेघ तीन बोटं खाली आली आणि पिशवी चोवीसाची अठरा किलो झाली. कारकून रेघेपर्यंत भरत होता, मोहोर लावत होता, वहीत चार हजार लिहीत होता. चाराच्या पाच पिशव्या झाल्या, कधी सहा. दादाच्या खेपा वाढल्या, पण खेपांचं त्याला काही नव्हतं, जड होत होतं ते ओझं.

तिसऱ्या महिन्यातच पिशव्यांची ती बाजू पुन्हा काळवंडू लागली. मी त्या डागावरून हात फिरवला आणि दार लावून घेऊन पोटभर हसले. दादाही बदलला. सकाळी दारात उभा राहून हात वर-खाली करायचा व्यायाम करू लागला. बोटीवरच्या कुणीतरी शिकवला म्हणे. मी म्हटलं, "पाखरं हाकलतोयस का?" तर म्हणाला, "ठिणगे, थांब तू, पुढच्या वर्षी घराला रंग मीच देणार आहे, शिडीवर चढून." मी म्हटलं, दे बाबा. माझा जीव भांड्यात पडला होता.

हे सगळं करताना एक गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नाही. इतकी वर्षं माझ्यासाठी रेघ म्हणजे फक्त रेघ होती. तिच्यामागे आकडा आहे, हे मी साफ विसरले. स्वतःला हुशार समजणाऱ्या बाईला मूर्ख व्हायला वेळ लागत नाही.

एका गुरुवारी दादा लवकर घरी आला. बूट न काढता बसला.

"साहेब म्हणतो, बँकेत पैसे कमी भरले जातात," तो म्हणाला. "सहा महिन्यांचा हिशेब लावलाय. दर पिशवीमागे कमी, आणि दर महिन्याला जास्तच कमी."

"मग? कारकुनाला विचारा."

"कारकून बांधून मोहोर लावून देतो. धक्का ते बँक पिशवी कुणाच्या हातात असते?"

दादा पुढे म्हणाला, "उद्या सकाळी बोलावलंय. बावीस वर्षांत एक नाणं इकडचं तिकडे केलं नाही गं मी." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे का केलं तेही सांगावं लागणार, आणि पायऱ्यांवर नाड्या बांधताना मी त्याला पाहिलं, हे त्याला कळणार. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, पण त्या संध्याकाळी माझ्या तोंडाला कुलूप लागलं. रात्रभर मी दुसरं खोटं शिवत बसले.

सकाळी मीही चप्पल घातली. "तू कशाला?" दादाने विचारलं. "कापडाचे पैसे राहिलेत," मी म्हटलं. पदराखाली जुन्या मापाची, घरात पडून राहिलेली एक बाद पिशवी होती.

धक्क्याचा साहेब तसा वाईट माणूस नाही. त्याच्या टेबलावर चार पेनं असतात आणि लिहायच्या वेळी तो पाचवं शोधतो. त्याने दादाला बस म्हटलं नाही, तेवढ्यावरून मी काय ते समजले. तो बोलायच्या आतच मी पुढे झाले आणि जुनी पिशवी टेबलावर ठेवली, आणि तिच्याशेजारी, खोलीच्या कोपऱ्यात पडलेली नव्या रेघेची.

"साहेब, माझा हात चुकला. रेघ खाली घातली गेलीय. पिशवीत नाणी मावतातच कमी, मग बँकेत जास्त कुठून भरणार?"

साहेबाने पट्टी काढून दोन्ही पिशव्या मोजल्या. मग उरलेल्या पिशव्या मागवून त्याही मोजल्या.

"बाई, चूक बारा पिशव्यांवर अशी एकसारखी होते?"

"डोळे गेलेत माझे. हल्ली मला नीट दिसत नाही."

"मग हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल," तो म्हणाला.

"द्या," मी म्हटलं.

दादा टेबलाजवळ आला. त्याने नवी पिशवी उचलली आणि रेघेच्या वरच्या भागावर अंगठा फिरवला. दोरा उसवला तरी सुईची भोकं कॅनव्हासमध्ये राहतात. रेघेच्या वर भोकांच्या सहा ओळी होत्या, एकावर एक. त्याचा अंगठा एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. सहाव्या ओळीवर तो थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"ती खोटं बोलतेय, साहेब," दादा म्हणाला. "तिचे डोळे गेलेले नाहीत. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते ती. तिचा हात चुकत नाही."

"मग हे काय आहे?"

"माझी पाठ गेलीय. वर्ष होत आलं. पायऱ्यांवरून मी पिशव्या ओढत नेत होतो. हिने ते कापडावरून ओळखलं असणार. माझ्यासाठी केलं तिने. काम काढायचं तर माझं काढा, तिचं नका काढू."

मी त्याला गप्प बस म्हणाले. तो गप्प बसला नाही. पाठीत कुठे दुखतं, कधीपासून, कुठल्या पायरीवर पाय लटपटतो, सगळं त्याने त्या परक्या माणसाला सांगितलं, जे वर्षभर मला सांगितलं नव्हतं.

साहेबाने पाचवं पेन शोधलं आणि कागदावर आकडे मांडले. पिशव्या किती वाढल्या, एकेकीत किती कमी. बराच वेळ त्याने गुणाकार केले. मग बँकेची पुस्तिका काढून गेल्या वर्षीच्या रकमेशी ताडून पाहिलं.

"एकूण रक्कम गेल्या वर्षाइतकीच आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे धंदा वाढलेलाच नाही. पिशव्या वाढल्या म्हणून मी वर कळवलं होतं, चौथा हिस्सा वाढलाय म्हणून. त्यांचं अभिनंदनाचं पत्रही आलं होतं."

मग कपाळ चोळत तो म्हणाला, "रेघ आहे तिथेच राहू द्या, बाई. वहीत पिशवीमागे तीन हजार लिहायला सांगतो. आणि तुम्ही," तो दादाकडे वळला, "पायऱ्यांवर बँकेच्या शिपायाला हात लावायला सांगा. मी फोन करतो त्याला. एवढं होत होतं तर बोलायचं ना."

एवढंच. सहा महिने मी ज्याला भ्याले, ते दहा मिनिटांत मिटलं होतं. मला त्या साहेबाची चारही पेनं ओवाळून टाकावीशी वाटली. दादा मात्र आनंदलेला दिसेना.

बाहेर हातगाडी तयार होती, सकाळच्या पाच पिशव्या भरून ठेवलेल्या. दादाने दांडे धरले, पण गाडी हलवली नाही.

"केव्हापासून गं?"

"सहा महिने झाले. दर महिन्याला अर्धं बोट."

"म्हणजे आता सहा किलो कमी."

"हो. रागावलास?"

"नाही." तो पिशव्यांकडे बघत होता. मग ओशाळल्यासारखा हसला, लहानपणी कुणी चूक दाखवली की हसायचा तसा. "मला वाटलं होतं, मी बरा होतोय."

हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की इतका वेळ साहेबासमोर कोरडी राहिलेली मी, धक्क्यावरच्या त्या सगळ्या गर्दीत, गाडीच्या दांड्याला धरून रडले.